ब्लॅक कॉमेडी बनवून ठेवलीय, आता घरोघर कशी न्यायची? एका एडिटरचं लांबलचक उत्तर

अंबाजोगाईकडच्या एका पोरानं प्रश्न विचारलाय, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. त्यानं अन् त्याच्या दोस्तांनी मिळून १९ लाखात ९६ मिनिटांचा मराठी पिक्चर केलाय. गोष्ट अशी की रिटायर गुरुजी, म्हणजे आजोबा, ऑक्टोबरच्या शेवटी रात्री झोपेत जातात अन् नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. पेन्शनवर आख्खं घर चाललेलं, मग घरचे ठरवतात की आजोबा अजून चार दिवस गेलेलेच नाहीत. पिक्चर अजून सेन्सर केलेला नाही. मुंबईची एक पार्टी सगळे हक्क कायमचे घेऊन अडीच लाख द्यायला तयार आहे, एक मित्र म्हणतो सरळ युट्यूबवर टाक, अन् मामा म्हणतात सीडी काढ, गावोगावच्या जत्रेत विकू. काय करू?

मित्रा, तू वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी बावीस-तेवीस वर्षं एडिटिंगच्या टेबलावर आहे, सुरुवात लातूरला गंजगोलाईजवळच्या एका कॅसेट लायब्ररीत झाली, आता संभाजीनगरला बसतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, तुझ्यासारखा पिक्चर थेटरात एक आठवडा टिकला तरी खूप झालं, त्याचं खरं आयुष्य घरातच जातं, मग ते टीव्हीवर असो नाहीतर मोबाईलवर. पण तुम्ही लोक घरची आवृत्ती शेवटी उरलेल्या पैशात अन् उरलेल्या वेळात उरकता. घरी पिक्चर पडतो तो दोन कारणांनी, एक म्हणजे आवाज आणि पॉज अन् दुसरं म्हणजे कागद, म्हणजे करार अन् परवानग्या. बाकी सगळं मागाहून निस्तरता येतं.

मामांच्या सीडीपासून सुरू करतो कारण त्यात माझे स्वतःचे हात पोळलेत. २००७ च्या सुमाराला मोझर बेअरनं २८ रुपयाला व्हीसीडी अन् ३४ ला डीव्हीडी बाजारात आणली आणि आपल्याकडं पार खेड्यातल्या पानपट्टीवर पण ओरिजिनल सीडी टांगलेली दिसायला लागली. त्या लाटेत आम्ही चौघांनी मिळून एक पिक्चर केला, तो पण असाच, घरात मयत झालंय अन् पोरं उधारी मोजायलेत. मुंबईच्या एका कंपनीनं घेतला, नाव घेत नाही, कंपनी आता नाहीये पण. व्हीसीडीवर ७४-८० मिनिटांच्या वर मावत नाही, म्हणून पिक्चर दोन डिस्कवर जायचा. आमचा ११८ मिनिटांचा. कंपनीतल्या पोरानं काय केलं, बरोबर ५९ व्या मिनिटाला सुरी घातली अन् दोन तुकडे केले, सीन कुठं चाललाय बघायची तसदीच घेतली नाही.

आता तिथं काय होतं सांगतो. मोठा भाऊ मुंबईहून आलेला, मढ्याजवळ बसून विचारतो, "शेवटी काय म्हणले आण्णा?" धाकटा दोन सेकंद गप्प राहतो अन् मग म्हणतो, "लाईट बंद करा म्हणले, बिल येतंय." आमचा सगळ्यात मोठा हशा तो, लातूरला कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा त्याच्यावर पोरं बाकडी बडवत होती. व्हीसीडीत पहिली डिस्क "शेवटी काय म्हणले आण्णा?" ला संपली. मी उदगीरला मावशीच्या वाड्यात बसून सगळ्यांबरोबर बघत होतो. निळा पडदा. मावसभाऊ उठला, ट्रे बाहेर काढला, दुसरी डिस्क बनियनला पुसली, ती घेईना, परत काढून पुसली. तेवढ्यात मावशीची सासू, ऐंशीच्या पुढची बाई, खाटेवरून म्हणाली, "काय म्हणणार बापा, पाणी म्हणला आसंल." आन् सगळे एकदम शांत झाले, कारण तिचा नवरा तसाच गेला होता. मग डिस्क लागली आणि "लाईट बंद करा" आलं. कुणीच हसलं नाही. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहाचं निमित्त करून उठलो.

दुसरा घोळ कव्हरचा. कंपनीनं वर हिरॉईनचा मोठा फोटो टाकला (बिचारीचे चार सीन होते) अन् खाली लाल अक्षरात "धमाल विनोदी चित्रपट". लातुरातला माझा जुना दुकानदार सांगायचा, एक गिऱ्हाईक लग्नघरात पाव्हण्यांसाठी म्हणून घेऊन गेलं अन् दुसऱ्या दिवशी परत आलं, "आवो नवरदेवाची आत्या उठून गेली की, ह्याच्यात दीड तास मढं घरात ठिवलंय." पैसे परत करावे लागले. म्हणून सांगतो, पोस्टर असो की मोबाईलवरचा छोटा फोटो असो, काळा विनोद आहे तर काळाच विक. फसवून आणलेला प्रेक्षक तुला पाच मिनिटात सोडून जातो, अन् जाताना खाली शिव्या लिहून जातो.

आता आज डिस्क काढावी का? जत्रेत विकायला म्हणशील तर अजिबात नको. माळेगावच्या जत्रेत एकेकाळी तंबूत पिक्चर बघायला झुंबड असायची, मग सीडीचे गाडे आले, मग मोबाईलच्या दुकानात दहा रुपये देऊन मेमरी कार्डात पिक्चर भरून घ्यायचे दिवस आले, आन् २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तसं ते पण गेलं. आज कुणाच्या घरात प्लेयर आहे? असला तर तो माळ्यावर. मोझर बेअर सुद्धा २०१८ ला दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. शिवाय हजाराच्या खाली नग असतील तर काचेचा मास्टर करून साच्यातून छापणं परवडत नाही, मग दुकानात बसून एकेक डीव्हीडी-आर बर्न करायची, जी आपल्याकडच्या उन्हात दोन-चार उन्हाळ्यांत बिघडायला लागते.

पण डिस्क अगदीच नको असं पण म्हणत नाही. अमेरिका-इंग्लंडात छोट्या, विचित्र, काळ्या पिक्चरांची ब्लू-रे जपून विकत घेणारे लोक आजही आहेत, त्यांना नुसता पिक्चर नको असतो, डायरेक्टरची कॉमेंट्री, कापलेले सीन, मेकिंग, एखादी पुस्तिका असं सगळं पाहिजे असतं. तुझा पिक्चर उद्या कुठल्या फेस्टिव्हलात गाजला अन् तिकडच्या छोट्या कंपनीनं विचारलं तर हा माल तुझ्याकडं पाहिजे. म्हणून कॉमेंट्री आत्ताच रेकॉर्ड करून ठेव, सगळे दोस्त एकत्र आहेत, आठवणी ताज्या आहेत, अजून भांडणं झालेली नाहीत. दहा वर्षांनी निम्मे एकमेकांशी बोलत नसतील, हे अनुभवानं सांगतोय. आणि डीव्हीडीची वेळ आलीच तर एक लक्षात ठेव, पाल डीव्हीडी, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमवर चालते, तू २४ वर शूट केलंय असं लिहिलंस, म्हणजे तुझा ९६ मिनिटांचा पिक्चर सरळ चालवला तर ९२ मिनिटांत पळतो, सगळ्यांचे आवाज बारीक चिरके होतात अन् सगळे पॉज चार टक्क्यांनी आखडतात. ब्लू-रेवर २४ जसेच्या तसे चालतात, तिथं हा प्रश्न नाही.

पॉजवरून मुख्य मुद्द्यावर येतो. ब्लॅक कॉमेडीत विनोद शब्दात कमी अन् शब्दाआधीच्या गप्प बसण्यात जास्त असतो. थेटरात कुणीतरी एक जण आधी फिसकन हसतो, मग बाकीच्यांना कळतं की हसायला परवानगी आहे, मयताच्या सीनवर हसायला माणसाला सोबत लागते. घरी माणूस एकटा, मांडीवर मोबाईल, शेजारी बायको भाजी निवडायली. तुम्ही हॉलमध्ये दाखवून हशासाठी म्हणून जिथं जिथं जास्तीची जागा सोडली असेल तिथं घरी नुसती पोकळी वाटते. मी सरसकट काटछाट करायच्या विरोधात आहे, पिक्चर एकच असावा, पण अशा दोन-तीन जागा असतील तर दहा-बारा फ्रेम काढून बघ, म्हणजे अर्धा सेकंद, त्यात जीव परत येतो. अर्ध्या सेकंदाच्या वर हात लावू नको.

अन् मोकळी शांतता सोडू नको. गुरुजींच्या खोलीत सगळे गप्प बसलेत त्या सीनमध्ये ट्रॅकवर काहीच नसेल तर मोबाईलवर बघणाऱ्याला वाटतं आवाज गेला, तो बटण दाबत बसतो आन् पुढचा डायलॉग दणकन कानात. तिथं काहीतरी पाहिजे, पंख्याची कुरकुर, लांबून गिरणीचा आवाज, पत्र्यावर माकड. लोकेशनवरचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा नुसता आवाज, घेतला असेल तर उत्तम, नसेल तर परत जाऊन दहा मिनिटं रेकॉर्ड करून आण, खर्च एसटीच्या तिकिटाचा.

मिक्सबद्दल, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याबद्दल. तू लिहिलंस की ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा मिक्स पुण्याला मोठ्या स्टुडिओत करून घेतलाय, छान, पण तो मिक्स थेटरचा. तोच स्टिरिओ करून टाकलास तर कुजबूज ऐकूच येणार नाही, आणि तुझा आख्खा पिक्चर कुजबुजीवर चाललाय, घरात मढं लपवलंय म्हटल्यावर लोक ओरडून बोलणारेत का. घरासाठी वेगळा मिक्स करावा लागतो, छोट्या खोलीत छोट्या स्पीकरवर बसून, डायलॉग वर आणि ढोल-ताशा-बँड खाली. लेव्हलचं गणित पण प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, युट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) वर गेलं की आवाज आपोआप खाली ओढतं, नेटफ्लिक्स डायलॉग धरून उणे २७ मागतं, युरोपातल्या टीव्हीचा मापदंड उणे २३ चा आहे. म्हणजे एकच फाईल सगळीकडं चालणार नाही. माझी तपासायची पद्धत अगदी गावठी आहे, एप्रिल महिन्यात दुपारी कूलर फुल्ल सोडायचा, टीव्हीचा स्वतःचा स्पीकर, साउंडबार नाही, अन् दहा फुटांवर बसायचं. कूलरच्या वर डायलॉग कळला तर मिक्स पास. आपल्या लोकांच्या घरात पिक्चर असाच बघितला जातो, वर्षातले चार महिने तरी.

चित्राचं पण तसंच. थेटरसाठीच्या डीसीपीचं (थेटरात चालवायची डिजिटल प्रत) रंगाचं जग वेगळं, पी-थ्री रंग अन् गॅमा (उजेड-अंधाराचं माप) २.६, टीव्हीचं वेगळं, रेक ७०९ रंग अन् गॅमा २.४. रात्रीचे सीन थेटरात छान गडद वाटले तेच मोबाईलवर दिवसा उजेडात नुसते डांबर दिसतात. कलरिस्टला म्हणावं घरासाठीचा वेगळा पास दे, अंधारातली तोंडं जरा वर उचल. युट्यूबचं कॉम्प्रेशन काळ्या भागात पट्टे पाडतं, थोडा ग्रेन (चित्रावरचे बारीक कण) टाकला की ते झाकतं, आणि फाईल टूकेची असली तरी फोरके करून चढवलीस तर वाट्याला बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, बरा येतो.

सबटायटलवर एक परिच्छेद खर्च करतो कारण इथं मी चांगले चांगले पिक्चर मेलेले बघितलेत. तू पाठवलेल्या ट्रेलरमध्ये सून दाराशी आलेल्या शेजाऱ्याला म्हणते, "आबा गेले." पॉज. शेजारी डोक्यावरची टोपी काढतो. मग ती म्हणते, "परसाकडं." जबरदस्त आहे, मी एकटा बसून हसलो. पण खाली इंग्रजी सबटायटलमध्ये पूर्ण वाक्य एकदम आलंय, टोपी निघायच्या आधी वाचणाऱ्याला कळलं की म्हातारा संडासला गेलाय. विनोद ठार. तिथं दोन वेगळी सबटायटल पाहिजेत, दुसरं तोंडातून शब्द निघताना, एक फ्रेम आधी नाही. शिवाय "गेले" चा दुहेरी अर्थ इंग्रजीत धरणारा शब्द शोधावा लागंल, त्यासाठी एक दिवस दे, सबटायटलवाल्याला मिनिटाच्या रेटनं घाई करू नको. एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, एवढं धरून चाल. मराठी सबटायटल पण कर, बहिऱ्या माणसांसाठीही अन् पुण्या-मुंबईच्या लोकांसाठीही, पण कृपा करून त्यात "मपलं" चं "माझं" आणि "कामून" चं "का" करू नको. बोललंय तसंच लिही. लोकांना कळतं.

आता कागद. इथं जरा कंटाळा येईल पण वाच.

अडीच लाख अन् सगळे हक्क कायमचे, नाही म्हण. पैसे कमी आहेत म्हणून नाही, तुला कदाचित पुढं अडीच लाख पण सुटणार नाहीत, तेवढी तयारी ठेव, पण "कायमचे" आन् "सर्व माध्यमं, आज असलेली आणि पुढं निघणारी" ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की पिक्चर तुझा राहत नाही. आमच्या २००८ च्या करारात असंच होतं. व्हीसीडी बुडाल्यावर ती कंपनी विकली गेली, ज्यानं घेतली त्यानं आमचा पिक्चर आमच्या नकळत युट्यूबवर टाकला, मधोमध त्याचा लोगो, अन् तो पण व्हीसीडीवरून उचललेला, म्हणजे ५९ व्या मिनिटाला तो तुकडा अजून तसाच आहे. लाखांत बघितला लोकांनी. आम्हाला एक रुपया नाही. वकिलाकडं गेलो तर तो म्हणाला सह्या तुमच्याच आहेत ना.

कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीत कलम १८ ला भर पडली की जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारात नव्हतं ते करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर त्याचा हक्क जात नाही. चांगली तरतूद आहे, आमच्या करारानंतर चार वर्षांनी आली म्हणून मी अजून हळहळतो. कलम १९ तर पाठच करून ठेव. हक्क द्यायचे तर लेखीच पाहिजेत, मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात, आणि घेणाऱ्यानं एका वर्षात हक्क वापरलाच नाही तर तो संपतो, करारात वेगळं लिहून घेतलं नसेल तर. ते "वेगळं" प्रत्येक छापील करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणून शेवटचं पान आधी वाचायचं.

तू त्यांना उलट ऑफर दे: मुदत तीन वर्षं, फार तर पाच, माध्यमं नावानिशी, दर तीन महिन्यांनी हिशोब, वर्षभरात कुठंच लावलं नाही तर हक्क परत, परदेश अन् डिस्क अन् रिमेक तुझ्याकडं. रिमेक विसरू नको, हयातीच्या दाखल्याची गोष्ट कुठल्याही भाषेत चालते, अडीच लाखाच्या मागं त्यांचा डोळा त्याच्यावर असला तरी मला नवल वाटणार नाही. नाही म्हणाले तर नाही.

सेन्सर करून घे. ओटीटी आणि युट्यूबला सेन्सर सर्टिफिकेट सक्तीचं नाही, पण थेटर, टीव्ही आणि विकायची डिस्क ह्या तिन्हीला लागतं, डिस्कच्या कव्हरवर तर सर्टिफिकेटची प्रत, बनवणाऱ्याचं नावपत्ता अन् हक्कदाराचं नावपत्ता छापणं कॉपीराईट कायद्यातच आहे. राज्य सरकारचं मराठी पिक्चरचं अनुदान असतं, त्याच्या अर्जाला पण ते पाहिजे. १९ लाखाच्या पिक्चरला ते मिळालं तर मोठा आधार होतो, अन् तुम्ही लोक युट्यूबच्या गोष्टी करायलात. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे (पोरांनी आईबापाच्या देखरेखीत बघायचं सर्टिफिकेट) तीन भाग झालेत, ७, १३ आणि १६ वर्षांवरचे, तुझा १६ मध्ये बसावा असा माझा अंदाज. ए, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं, मिळू देऊ नको, ए चा पिक्चर आहे तसा टीव्हीवर जात नाही, कापून परत सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

आता दोन भानगडी मला ट्रेलरमध्येच दिसल्या. पहिली, शेळी. खोलीत शेळी शिरते अन् आजोबांच्या अंगावरची चादर ओढते, मस्तच आहे सीन, पण प्राणी वापरला की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते अन् नंतर त्यांचं ना हरकत पत्र सेन्सरला जोडावं लागतं. ऑफिस हरियाणात बल्लभगडला आहे. आधी घेतली नसेल तर मागाहून मिळवताना नाकी नऊ येतात, आमच्या ओळखीतल्या एकाला बैलाचा आख्खा सीन काढून टाकावा लागला. शेळी तुमच्या घरचीच होती हे कारण चालत नाही. विडीचं पण बघ, गुरुजी फ्लॅशबॅकमध्ये विडी ओढतात, थेटरात अन् टीव्हीवर खाली इशारा आणि सुरुवातीला-मध्ये आरोग्याचे स्पॉट लागतात, १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीला पण तो नियम लागू झालाय. म्हणजे मास्टर बनवताना इशारा असलेला अन् नसलेला असे दोन्ही ठेव.

दुसरी भानगड मोठी आहे. शेवटी अंत्ययात्रेत बँडवाले एका हिट हिंदी गाण्याची धून वाजवतात. तुला वाटत असेल बँड आपलाच, वाजवलं आपणच, मग काय. गाण्यात दोन हक्क असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि एक चालीचा-शब्दांचा. बँडनं वाजवलं म्हणजे रेकॉर्डिंगचा हक्क लागत नाही, चालीचा लागतोच. तो एक तुकडा तुझ्या आख्ख्या १९ लाखाच्या पिक्चरपेक्षा महाग पडू शकतो. घेतला नाहीस तर ओटीटीवाला कागद बघूनच नाही म्हणेल, अन् युट्यूबचं मशीन चाल ओळखतं आणि जाहिरातीचे पैसे वळते करून घेतं. माझा सल्ला, त्याच बँडला परत बोलव अन् त्याच तालात दुसरं काहीतरी वाजवून घे, ओठ हलत नाहीत, बिगुलच आहे, बदललेलं कळणार पण नाही. आपल्या भागात काय कमी आहे का, पैठणला एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहून ठेवलीत, गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आहेत, शब्दांवर कुणाचा हक्क नाही. फक्त चाल नवी लाव, कारण कुठल्या गायकानं लावलेली चाल त्या संगीतकाराची असते. आणि खरं सांगू का, मयताच्या पुढं भारुड हे हिट गाण्यापेक्षा जास्त काळं अन् जास्त आपलं वाटेल. मेल्यावर हसणं आपल्याकडं काय बाहेरून आलेलं नाही.

बाहेर काढायचा क्रम असा ठेव: फेस्टिव्हल आधी, मग सेन्सर, जमलं तर संभाजीनगर-लातूर-नांदेडला मोजके शो, मग पैसे देऊन बघायचं ओटीटी, मग टीव्ही, सगळ्यात शेवटी युट्यूब. उलटा जिना उतरता येत नाही. एकदा फुकट टाकलं की कुणी विकत घेत नाही, आणि बहुतेक फेस्टिव्हल पण घेत नाहीत. युट्यूबवर नवीन चॅनेलला जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं लागतं, तर चॅनेल आत्ताच उघडून मेकिंगचे तुकडे टाकत जा, पिक्चर नको. चोरी होणारच, २०२३ च्या दुरुस्तीत तीन महिने ते तीन वर्षं कैद अन् कमीत कमी तीन लाख दंड आहे, पण तू काय टेलिग्रामच्या मागं धावणार? ओरिजिनल चांगल्या आवाजात सहज मिळत असेल तर निम्मे लोक तिकडं जात नाहीत, एवढंच.

देताना जो माल मागतात तो आत्ताच एका हार्डडिस्कवर गोळा कर. प्रोरेस मास्टर (चांगल्या दर्जाची मुख्य फाईल), त्याचाच अक्षरं नसलेला मास्टर, ५.१, स्टिरिओ, डायलॉग वगळून नुसतं म्युझिक अन् इफेक्टचा ट्रॅक (डबिंगला लागतो, हा नसल्यामुळं माझ्या डोळ्यादेखत एक तेलुगूचा सौदा गेलाय), सबटायटलच्या फाईली, कुठलं संगीत कितव्या मिनिटाला किती सेकंद त्याचा तक्ता, पोस्टरची लेयरवाली फाईल, आणि स्टिल फोटो. फोटो कुणीच काढत नाही, मग व्हिडिओतून ग्रॅब काढतात अन् ते पोस्टरला फाटतात. हे सगळं तीन ठिकाणी ठेव, त्यातलं एक दुसऱ्या गावात. आमच्या पिक्चरची मूळ हार्डडिस्क माझ्या कपाटात सात वर्षं नीट होती, आठव्या वर्षी लावली तर नुसती टकटक. ती चालली असती तर मी कधीच स्वच्छ प्रिंट काढली असती, आता माझ्याच पिक्चरची सगळ्यात चांगली कॉपी त्या चोराच्या चॅनेलवर आहे. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला, तिकडं १९६४ पासून हेच काम चालतं, एक प्रत द्यायचा प्रयत्न जरूर कर.

शेवटचं, आणि हे तू कुठं लिहिलेलंच नाहीस म्हणून विचारतो. आजोबांचं काम ज्यांनी केलंय ते गावातलेच आहेत, नट नाहीत, म्हणालास. त्यांची लेखी संमती घेतलीय का? पैसे हातात दिले, फोटो काढला, एवढ्यानं होत नाही, कागद पाहिजे, पिक्चरमध्ये वापरायला हरकत नाही असा, मराठीत, वाचून दाखवून, दोन साक्षीदारांसह. नाहीतर उद्या ओटीटीवाला मागेल तेव्हा त्यांच्या चारही मुलांच्या दारात जावं लागंल. वय त्र्याऐंशी सांगतोस. उद्या सकाळचीच एसटी धर.